कोकणातून इस्रायलला: धार्मिक बेने इस्रायल कुटुंबासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, ठाणे, पनवेल, अलिबाग, पुणे इथून इस्रायलला यायला निघालेली आणि नुकतीच येऊन पोचलेली आपली, म्हणजे कोकणातल्या बेने इस्रायल यहुदी समाजाची, माणसं जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. उत्तरं शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंतची विश्रांती), कोशेर (खाण्यापिण्याचे धर्मनियम) आणि सणवार पाळणाऱ्या घरासाठी आहेत. सरकारी रकमा आणि नियम बदलत राहतात, म्हणून पैशांचे आकडे दिलेले नाहीत. हलाखेचा, म्हणजे धर्मकायद्याचा, प्रश्न अडला तर आपल्या रब्बींनाच विचारा, हे वाचून निर्णय घेऊ नका.

आम्हाला कोणत्या कायद्याखाली येता येतं? कागदपत्रं कोणती लागतात?

१९५० सालच्या 'परतीच्या कायद्या'खाली. यहुदी माणसाला इस्रायलला येऊन नागरिक होण्याचा हक्क या कायद्याने दिला. १९७० च्या दुरुस्तीने मुलं, नातवंडं आणि त्यांचे जोडीदार यांनाही तो मिळाला. अर्ज ज्यूइश एजन्सीमार्फत होतो. जन्माचे दाखले, लग्नाचा दाखला, पोलिसांचा दाखला आणि तुमच्या सिनेगॉगचं किंवा रब्बींचं यहुदी असल्याचं पत्र ही मुख्य कागदपत्रं. दाखल्यांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का, करून घ्यावं लागतं.

एक गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून इथे ठासून सांगते. आईवडिलांची केथुबा, म्हणजे लग्नाचा धार्मिक करारनामा, आणि मिळाली तर आजीआजोबांची केथुबाही बरोबर आणा. कपाटात, ट्रंकेत, देव्हारेवाल्या शेजाऱ्यांकडे ठेवायला दिलेल्या पेटीत, जिथे असेल तिथून शोधून काढा. सरकार ती मागणार नाही. पण दहापंधरा वर्षांनी मुलीचं लग्न ठरेल, तेव्हा रब्बींच्या कार्यालयात तो एक कागद पाच साक्षीदारांचं काम करतो. सिनेगॉगच्या नोंदवहीतला उतारा मिळत असेल तर तोही घेऊन ठेवा. आपली गावोगावची सिनेगॉग ओस पडत चालली आहेत. आज जी वही हाताशी आहे ती उद्या कुठे असेल सांगता येत नाही.

भारताचं नागरिकत्व राहतं का?

नाही. इस्रायल दुहेरी नागरिकत्व मान्य करतो, भारत करत नाही. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो आणि पुढे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डासाठी अर्ज करता येतो. घर, शेत, बँकेतली खाती यांची व्यवस्था निघण्याआधी लावा. कोकणात वडिलोपार्जित जमिनीत नाव असेल तर सातबाऱ्याची चौकशी करून मगच विमानात बसा.

पहिल्या काही आठवड्यांत काय काय करावं लागतं?

ओळखपत्र म्हणजे तेऊदात झेहूत, बँकेत खातं, आरोग्यनिधीत नाव आणि मुलांची शाळा. आरोग्यनिधी म्हणजे कुपात खोलीम. असे चार आहेत: क्लालित, मक्काबी, मेऊखेदेत आणि लेऊमित. कोणताही एक निवडायचा. आपल्या भागात कोणाचा दवाखाना जवळ आहे आणि तिथे इंग्रजी समजणारा डॉक्टर आहे का, एवढं पाहून ठरवलं तरी पुरे. पहिले सहा महिने 'साल क्लिता' नावाचं साहाय्य हप्त्याहप्त्याने खात्यात येतं. ते घरभाड्यात आणि किराण्यात संपतं, त्यातून शिल्लक टाकण्याचे बेत करू नका.

हिब्रू शिकायला किती दिवस लागतात? प्रार्थनेची हिब्रू तर आम्हाला येते.

उल्पान, म्हणजे हिब्रूचा वर्ग, साधारण पाच महिने, आठवड्याचे पाच दिवस, सकाळी असतो. सिद्दूर, म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक, वाचता येणाऱ्याला अक्षरओळखीचे आठवडे वाचतात, हा मोठा फायदा आहे. पण रस्त्यावरच्या पाट्यांवर आणि वर्तमानपत्रात स्वरचिन्हं नसतात, त्यामुळे तेहिल्लीम (स्तोत्रं) घडाघडा म्हणणारा माणूसही विजेच्या बिलापाशी अडतो. त्यात खजील होण्यासारखं काही नाही.

नवराबायको दोघांनीही उल्पान पूर्ण करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे पुष्कळदा नवरा शिकतो आणि बायको घर सांभाळते किंवा लगेच मिळेल त्या कामाला लागते. मग पुढची वीस वर्षं ती डॉक्टरकडे जाताना मुलाला दुभाषी म्हणून नेते. स्वतःचं दुखणं मुलाच्या तोंडून सांगायची वेळ कोणत्याही आईवर येऊ नये.

शब्बाथ पाळणं इथे सोपं जातं का?

हो. शनिवारची परीक्षा, शनिवारी ऑफिस, साहेबाकडे दर वेळी नव्याने मागावी लागणारी सुटी, हे सगळं ज्यांनी मुंबईत काढलं आहे त्यांना पहिल्या महिन्यातच फरक कळतो. कामाचा आठवडा रविवार ते गुरुवार असतो. शुक्रवारी दुपारी दुकानं मिटू लागतात, हैफासारखे अपवाद सोडले तर बहुतेक शहरांत बसही थांबते. आपल्या पूर्वजांना रायगडच्या गावांत लोक 'शनिवार तेली' म्हणायचे, कारण त्या दिवशी त्यांचा घाणा बंद असायचा. इथे सगळं गावच घाणा बंद ठेवतं.

अडचण येते ती घड्याळाची. मुंबईत हिवाळ्यातही सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. इथे डिसेंबरात साडेचारच्या आसपासच मावळतो, आणि दिवे बहुतेक गावांत त्याआधी १८ मिनिटं लावायचे असतात. यरुशलेममध्ये ४० मिनिटं आधी, हैफात ३० मिनिटं आधी. म्हणजे थंडीच्या दिवसांत शुक्रवारचा सगळा स्वयंपाक दुपारी साडेतीनपर्यंत आवरलेला हवा. नारळ गुरुवारी रात्रीच खवून ठेवा, वाटण करून फ्रिजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात उलट होतं. शब्बाथ संपून हवदाला, म्हणजे समाप्तीचा विधी, होईपर्यंत आठ वाजून जातात आणि लहान मुलं त्याआधीच झोपतात.

घरात तीन वस्तू लवकर आणा: प्लाटा म्हणजे अन्न गरम ठेवायची विजेची पाटी, मेखाम म्हणजे गरम पाण्याचं भांडं, आणि दिवे आपोआप चालूबंद करणारं शब्बाथचं घड्याळ. भात, सुकी भाजी, तळलेले मासे यांना प्लाटा मानवतो. पातळ कालवण दिवे लावायच्या आधीपासूनच त्यावर असावं, शब्बाथमध्ये थंड रस्सा पुन्हा तापवायचा नसतो. चहाचं म्हणाल तर दूध घालून उकळलेला आपला चहा शब्बाथला होत नाही. आधी करून ठेवलेला अर्क आणि मेखाममधलं पाणी यावर भागवावं लागतं. आमच्याकडची वडीलधारी माणसं याला शेवटपर्यंत चहा म्हणायला तयार झाली नाहीत.

शब्बाथच्या दिवशी सायरन वाजला तर?

धावायचं. दार उघडा टाकून, ताट तसंच सोडून सुरक्षित खोलीत जायचं. जीव वाचवण्यापुढे शब्बाथचे निर्बंध बाजूला सरतात. हलाखा यात जराही घुटमळत नाही. धोक्याच्या काळात शब्बाथ पाळणाऱ्यांसाठी रेडिओवर 'शांत लहर' असते. रेडिओ शुक्रवारीच लावून ठेवला तर तो एरवी गप्प राहतो आणि फक्त इशारा आला की बोलतो. घर भाड्याने घेतानाच सुरक्षित खोली किंवा जवळचा निवारा कुठे आहे ते बघा. आजीआजोबांना जिन्याने तिथे पोचायला किती वेळ लागतो, ते एकदा त्यांना चालवून पाहा.

आपलं जेवण इथे होतं का? कोशेर सांभाळून कोकणी स्वयंपाक जमतो का?

जमतो, आणि इतरांपेक्षा आपल्याला बराच सोपा जातो. मांस आणि दूध एकत्र नको हा नियम आपल्या आज्यांनी शेकडो वर्षं नारळाच्या दुधाने निभावला. मटणाचं कालवण नारळाच्या रसात, वर सोलकढी, शेवटी नारळाच्या दुधातली खीर किंवा हलवा. या सगळ्यात दुधाचा थेंब नाही. सोलकढी इथल्या नियमाने 'पार्वे' ठरते, म्हणजे मांसाबरोबरही चालते आणि दुधाबरोबरही. युरोपातून आलेल्या शेजारणी मांसाच्या जेवणानंतर गोड काय करायचं या विवंचनेत असतात, तेव्हा आपल्या डब्यात करंज्या तयार असतात. फक्त पुरणपोळीवर तूप घ्यायची सवय असेल तर मांसाच्या जेवणात ती सोडावी लागते.

मटण-कोंबडीसाठी मुंबईत आपण हझ्झान (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे) कधी कापणार याची वाट बघायचो. गावाकडची कुटुंबं तर महिनोनमहिने मासळीवरच काढायची. इथे कोपऱ्यावरच्या दुकानात कोशेर कोंबडी मिळते, मीठ लावून रक्त काढलेली. बायकांचं एक मोठं काम यामुळे कमी झालं.

मासळीचा नियम आपल्याला नव्याने शिकायचा नाही. पंख आणि खवले असलेलीच मासळी खायची, ही आपल्या लोकांची जुनी खूण. दाविद रहाबींनी कोकणातल्या बायकांपुढे निरनिराळी मासळी ठेवली आणि त्यांनी खवल्यांची तेवढी निवडून घेतली, यावरून ही माणसं यहुदी आहेत हे त्यांनी ओळखलं, अशी कथा आपल्या प्रत्येक घरात सांगतात. इथे ताजं पापलेट सहज मिळत नाही. देनिस आणि बुरी हे स्थानिक मासे हळद-तिखट लावून तव्यावर छान होतात. आमसूल, तांदळाचं पीठ, पोहे, चिंच, डाळी, कढीपत्ता यांसाठी दिमोना, बेरशेबा, अश्दोद, लोद, रामले इथल्या भारतीय दुकानांत जा. दिमोनाला लोक 'छोटा भारत' म्हणतात ते उगीच नाही.

भारतातून आलेली पाकिटं मात्र हेख्शेर, म्हणजे कोशेरचा शिक्का, बघूनच घ्या. 'शाकाहारी'चा हिरवा ठिपका म्हणजे कोशेर नव्हे. चीज, तूप, लोणची, बिस्किटं यांवर मान्य शिक्का असेल तरच घरात आणा. नवी धातूची आणि काचेची भांडी वापरण्याआधी मिकवेत, म्हणजे शुद्धीच्या पाण्याच्या कुंडात, बुडवायची असतात. बहुतेक गावांत भांड्यांसाठी वेगळा छोटा मिकवे असतो. मुंबईहून आणलेला तुमचा जुना कुकर घरात आधीपासून कोशेर वापरात असेल आणि एकदा मिकवेत बुडवलेला असेल तर तो निश्चिंतपणे वापरा.

कोथिंबीर, मेथी, पालक, फ्लॉवर यांतल्या किड्यांबद्दल इथे फार काटेकोर असतात. बंदिस्त शेतीतल्या, कीड नसलेल्या भाज्यांची पाकिटं मिळतात. महाग असतात, पण मेथीची जुडी पानपान तपासण्यात शुक्रवारची सकाळ घालवण्यापेक्षा ती परवडतात.

बाजारातल्या साध्या वांग्या-टोमॅटोलाही प्रमाणपत्र कशाला? भारतात तर हे नव्हतं.

भारतात नव्हतं, कारण या आज्ञा इस्रायलच्या भूमीशी बांधलेल्या आहेत. इथे पिकलेल्या धान्य-फळ-भाजीतून तेरूमा आणि मासेर, म्हणजे पूर्वी कोहेन (याजक) आणि लेवी (त्यांचे मदतनीस) यांच्यासाठी असलेला वाटा, वेगळा काढल्याशिवाय ती खाता येत नाही. देखरेखीखालच्या दुकानात तो आधीच काढलेला असतो. उघड्या बाजारातून किंवा कुणाच्या मळ्यातून भाजी आणली तर घरीच काढावा लागतो. शंभराव्या भागाहून थोडं अधिक बाजूला ठेवून ठरलेला मजकूर म्हणायचा. तो मजकूर आणि दशांशाच्या नाण्याची व्यवस्था रब्बींकडून एकदा नीट समजून घ्या. झाडाची पहिल्या तीन वर्षांची फळं, ओर्ला, खायचीच नाहीत. अंगणात लिंबू किंवा आंबा लावलात तर लावल्याची तारीख लिहून ठेवा.

सातव्या वर्षी श्मिता येते, जमिनीच्या विश्रांतीचं वर्ष. मागचं २०२१-२२ मध्ये झालं, पुढचं २०२८-२९ मध्ये आहे. त्या वर्षी भाजी कुठली आणि कोणत्या व्यवस्थेतली घ्यायची हे तुमचा सिनेगॉग सांगतो. भारतातून आलेली तूरडाळ आणि आमसुलं या सगळ्यातून मोकळी असतात.

नवगावच्या किनाऱ्यावर तेल गाळणाऱ्या आपल्या पूर्वजांना या आज्ञा पाळायची संधीच मिळाली नव्हती. मला म्हणून भाजी निवडायचं हे काम कधी ओझं वाटलं नाही.

सण इथे एकच दिवस असतो हे खरं का?

खरं. भारतात पेसाख, शाबुओथ, सुक्कोथ यांचे पवित्र दिवस दुहेरी पाळले जातात. इस्रायलमध्ये तेच एकेक दिवसाचे होतात. सेदेर, म्हणजे पेसाखचं विधीचं जेवण, तेही एकच रात्र. रोश हशाना मात्र सगळीकडे दोन दिवसांचाच. पावसाची मागणी इथे खेश्वान महिन्याच्या सातव्या दिवसापासून अमीदात, म्हणजे उभ्याने म्हणायच्या मुख्य प्रार्थनेत, सुरू होते, भारतात ती डिसेंबरच्या सुरुवातीला होते. पहिल्या वर्षी जुन्या सवयीने चुकायला होतं, तेव्हा सिद्दूरमध्ये चिठ्ठी घालून ठेवा.

दरफाळणी, नव्याचा सण, बिरड्याचा रोजा... ही नावं इथे कुणाला कळतील?

शेजाऱ्यांना कळणार नाहीत, तुमच्या मुलांना कळायला हवीत. रोश हशाना (नवं वर्ष) म्हणजे नव्याचा सण, योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा उपास) म्हणजे दरफाळणीचा सण, त्यानंतरचा शिळा सण, आव महिन्याच्या नवमीचा बिरड्याचा रोजा, ही नावं आपल्या लोकांनी रब्बी आणि पोथ्या हाताशी नसताना सण विसरू नयेत म्हणून जपली. दरफाळणीला दार लावून, पांढरे कपडे घालून घरात बसायचं. इथे योम किप्पूरला विमानतळ बंद, दूरदर्शनचं प्रक्षेपण बंद, हमरस्त्यावर एक गाडी नाही. सगळ्या देशानेच दार लावलेलं असतं. मुलांना त्या दिवशी जुनं नाव सांगा, लगेच पटतं.

नव्याच्या सणाला नारळाच्या दुधातला चिकाचा हलवा करा. चायना ग्रास वापरत असाल तर तो समुद्री वनस्पतीचा असतो, प्राणिज जिलेटिन नव्हे, त्यामुळे हरकत नाही. किद्दूशला, म्हणजे द्राक्षारसावर म्हणायच्या आशीर्वादाला, द्राक्षारस आता कुठेही मिळतो, तरी काळ्या मनुका भिजवून केलेलं शरबत वर्षातून एकदा तरी करावं. कोशेर द्राक्षारस मिळत नसताना पिढ्यान्‌पिढ्या किद्दूश त्यावरच झाला आहे.

पेसाखला भात आणि भाकरी चालते का?

आपली प्रार्थना आणि बरेचसे रिवाज सेफार्दी (मुळात स्पेनकडच्या यहुद्यांच्या) वळणाचे आहेत, त्यामुळे पुष्कळ घरांत पेसाखला भात खातात. तांदूळ आधी तीन वेळा निवडून घ्यायचा, त्यात गव्हाचा दाणा राहू नये म्हणून. ज्वारी, बाजरी, नाचणी ही हामेत्स (पेसाखला वर्ज्य) होणाऱ्या पाच धान्यांत नाहीत, पण गिरणीत त्याच जात्यावर गहू दळलेला असतो, म्हणून दळून आणलेलं पीठ टाळावं. मसाल्यांच्या डब्यांकडे विशेष लक्ष द्या. आपल्या बाजारी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. तो पेसाखआधी घरातून गेलाच पाहिजे, आणि त्या हिंगाने केलेला सांबार मसालाही. अश्केनाझी (युरोपीय यहुदी) शेजारी भात खात नाहीत, त्यांना जेवायला बोलावताना आधी सांगा.

सेदेरला मराठी अर्थासह वाचण्याची जुनी पद्धत सोडू नका. पुण्यात १८७४ साली हिब्रू-मराठी हग्गादा, म्हणजे सेदेरची पोथी, छापली गेली होती, तिच्या चित्रात बायका आपल्या वेशात जमिनीवर बसून मात्सा (बेखमीर पोळी) लाटताहेत. दीडशे वर्षांपूर्वी जे जमलं ते आजच्या टेबलावर जमायला काहीच हरकत नाही. धाकट्याने चार प्रश्न हिब्रूत विचारावेत आणि आजोबांनी उत्तर मराठीत द्यावं.

सिनेगॉग कोणता निवडावा? जवळचा की आपल्या लोकांचा?

शब्बाथला गाडी चालवायची नाही, म्हणजे घर आणि सिनेगॉग यांचा विचार एकत्रच करावा लागतो. आधी सिनेगॉग बघा, मग त्याच्या चालत्या अंतरात घर शोधा. दिमोना, बेरशेबा, अश्दोद, लोद, रामले अशा गावांत बेने इस्रायलांची सिनेगॉग आहेत आणि तिथे आपल्या चालीवर पिय्युतीम (धर्मगीतं) म्हणतात. तेल अवीवच्या आसपास नोकरी मिळाली म्हणून तिकडे घर घेतलेली पुष्कळ कुटुंबं मोरोक्कन किंवा इराकी सिनेगॉगमध्ये जातात. त्यांचं वळण आपल्याला जवळचं आहे, माणसंही मोकळी असतात.

मुलगे लहान असतील तर पहिली काही वर्षं आपल्या लोकांच्या सिनेगॉगजवळ राहा, असा माझा आग्रह राहील. बार मित्झवाला, म्हणजे तेराव्या वर्षीच्या विधीला, मुलगा जी चाल शिकतो ती त्याच्याकडे जन्मभर राहते. अलिबागच्या मागेन आबोथमध्ये किंवा पनवेलच्या बेथ एलमध्ये त्याचे आजोबा जी चाल म्हणत, ती त्याला दुसरं कोण देणार?

मुलांना कोणत्या शाळेत घालावं?

सरकारी साधी, सरकारी धार्मिक आणि हरेदी (अतिकर्मठ) असे मुख्य पर्याय आहेत. शब्बाथ पाळणाऱ्या घरासाठी सरकारी धार्मिक, म्हणजे ममलाख्ती-दाती शाळा बहुधा योग्य ठरते. वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं. 'तुम्ही दाती (धार्मिक) की मसोर्ती?' असा प्रश्न विचारला जाईल. आपल्यात बरीच घरं मसोर्ती म्हणवतात, म्हणजे परंपरा पाळणारी. शब्बाथला टीव्ही लावणारं घर असेल तर तसं खरं सांगा. शाळेत एक आणि घरी दुसरं असलं की ताण मुलावर येतो.

मुलं शिक्षिकेला नावाने हाक मारतील. 'बाई' नाही, 'मॅडम' नाही. वर्गात मध्येच बोलतील, वाद घालतील, आणि घरी येऊन तुमच्याशीही तसंच बोलतील. यात उद्धटपणा नसतो, इथली रीतच तशी आहे. शाळेत तसं वागू द्या; घरात आजीला 'अहो' म्हणायचं आणि शब्बाथला वडिलांच्या हाताखाली मान झुकवून आशीर्वाद घ्यायचा, हे मात्र ढिलं करू नका. मुलांना दोन्ही जमतं.

सैन्यसेवेचं काय? धार्मिक मुलींना जावं लागतं का?

मुलग्यांना जावं लागतं. येशिवाचं (धर्मपाठशाळेचं) शिक्षण आणि सैन्यसेवा एकत्र करणारा हेस्देर हा मार्ग आहे. धार्मिक मुलींना घोषणापत्र देऊन सूट मिळते आणि त्या बहुधा शेरूत लेऊमी, म्हणजे इस्पितळं, शाळा, वृद्धाश्रम यांतली राष्ट्रीय सेवा करतात. मोठ्या वयात आलेल्यांना कालावधी कमी असतो किंवा सेवाच नसते.

आम्ही 'खरे' यहुदी आहोत का, असं कुणी विचारेल का? लग्नाच्या वेळी अडवतात का?

कायद्याने आणि अधिकृत हलाखेने हा प्रश्न मिटला आहे. तो कसा मिटला हे मात्र प्रत्येक नव्या कुटुंबाला माहीत असावं. पन्नासच्या दशकात आलेल्या आपल्या लोकांना वाळवंटातल्या वस्त्या, हलकी कामं आणि रंगावरून टोमणे वाट्याला आले. १९५१-५२ मध्ये काहींनी धरणं धरून भारतात परत पाठवण्याची मागणी केली, काही परतलेही, आणि त्यांतले कित्येक पुढे पुन्हा इस्रायलला आले. १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयाने सूचना काढली, की बेने इस्रायल वधूवरांच्या घराण्याची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. शेमा इस्राएल ('हे इस्राएला, ऐक') एवढ्या एका वाक्याला धरून शतकं काढलेल्या लोकांना हे सहन होण्यासारखं नव्हतं. ते यरुशलेममध्ये येऊन बसले, उपोषणं झाली. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेस्सेतचं (संसदेचं) खास अधिवेशन भरलं, बेने इस्रायल सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत अशी भूमिका घेतली गेली आणि सूचनेतून आपलं नाव काढावं लागलं.

आज लग्ननोंदणीला आपल्याला इतरांसारखेच कागद लागतात. इस्रायलमध्ये यहुद्यांचं लग्न रब्बींच्या कार्यालयामार्फतच होतं, नोंदणी पद्धतीचं लग्न नाही. एखादा कारकून जादा प्रश्न विचारत बसला तर आवाज न चढवता वरिष्ठांना भेटायचं सांगा आणि केथुबा पुढे ठेवा. आपल्या आधीच्या पिढीने रस्त्यावर बसून हा हक्क मिळवला आहे. आपण खालमानेने उभं राहायचं कारण नाही.

मेंदी, पांढरी साडी, हे सगळं इथे करतात का?

जोरात करतात. मेंदीची रात्र तर हॉल घेऊन होते, ढोलकी आणि मराठी गाण्यांसह. मोरोक्कन आणि येमेनी लोकांतही मेंदी असल्यामुळे व्याही मंडळींना ती परकी वाटत नाही. हुप्पेखाली, म्हणजे लग्नाच्या छताखाली, नवरी येताना नवऱ्याने 'योनाथी झिव' म्हणायची आपली रीत आहे. ती नवऱ्या मुलाला आधीच शिकवून ठेवा, कारण हॉलचा गायक ती म्हणणार नाही.

मलिदा करावा का? काही लोक म्हणतात ही हिंदूंकडून घेतलेली पद्धत आहे.

करावा. मलिद्यात भिजवलेले पोहे, खोबरं, साखर किंवा गूळ, सुकामेवा आणि फळं असतात. समोर ताट ठेवून एलियाहू हनबींचं (संदेष्टे एलियाचं) गाणं म्हणतात, मग प्रत्येक प्रकारावर त्याची बेराखा, म्हणजे आशीर्वचन, म्हणून खातात. झाडाच्या फळाची वेगळी, जमिनीत उगवणाऱ्याची वेगळी, सुवासाची वेगळी. यात हलाखेला सोडून काय आहे? कोणत्या पदार्थावर कोणती बेराखा, हे आपली मुलं मलिद्याच्या ताटावरच शिकतात.

लग्न, सुंथ (सुंता), नवं घर, परीक्षेतलं यश, नवस फेडणं, सगळ्याला मलिदा असतो. तू बिश्वातला तर असतोच, कारण त्या दिवशी एलियाहू हनबी अलिबागजवळ खंडाळ्याला येऊन गेले अशी आपली श्रद्धा, आणि त्या खडकावर आजही लोक जातात. इस्रायलमध्ये तू बिश्वात हा झाडांचा दिवस असतो, सगळीकडे फळांची ताटं मांडतात. त्या दिवशी शेजाऱ्यांना मलिद्याला बोलवा. नव्या ओळखी करायला याहून चांगला दिवस नाही.

आजीआजोबांचं मन रमेल का? मुलं मराठी विसरतील का?

आजीआजोबांचं रमणं शेजारावर ठरतं. दिमोना किंवा अश्दोदला बाकावर मराठी बोलणारं माणूस भेटतं. दुसरीकडे ते दिवसभर घरात एकटे पडतात, म्हणून गाव निवडताना त्यांना विचारा. इस्रायलमध्ये 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक आपल्या लोकांनी अनेक वर्षं चालवलं, तिथे कीर्तनंही झाली. आवड असलेल्या माणसाला काम मिळतं.

मुलांचं म्हणाल तर घरात मराठी बोलला नाहीत तर ती नक्कीच विसरतील, दोनतीन वर्षांतच. शाळेतल्या शिक्षिका कधी सुचवतात की घरीही हिब्रूच बोला. ऐकू नका. हिब्रू ती रस्त्यावर शिकतातच. नातवाला आजीचं बोलणं कळेनासं झालं तर त्यावर कोणताही उल्पान नाही.

घरात मृत्यू झाला तर?

स्थानिक खेव्रा कादिशाला, म्हणजे दफन करणाऱ्या मंडळाला, कळवा. दफन लवकर, बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, कफनात आणि पेटीशिवाय होतं. नेहमीच्या दफनाचा खर्च बितुआख लेऊमी (राष्ट्रीय विमा) उचलतो. शिव्आचे, म्हणजे शोकाचे, सात दिवस दार उघडं ठेवायचं. शेजारीपाजारी अन्न आणतात, ओळख नसली तरी.

सणाला भारतात भेट द्यायला गेलो तर तिथले दोन दिवस पाळायचे का?

इस्रायलला परतायचं पक्कं असेल तर पुष्कळ रब्बींच्या मते तुमच्यासाठी इथल्यासारखा एकच दिवस. पण तिथल्या समाजासाठी दुसरा दिवसही सणाचाच असतो, तेव्हा त्या दिवशी उघडपणे काम करायचं नाही, गाडीने फिरायचं नाही, चांगले कपडे घालून सिनेगॉगमध्ये जायचं. भारतात आता आपली माणसं थोडी उरली आहेत, मिन्यानला दहावा पुरुष मिळेपर्यंत प्रार्थना थांबते. तुमच्या घरातले पुरुष गेले तर ती थांबणार नाही.